काही काम नाही, फक्त भेटायला

मागच्या डिसेंबरात मी डोंबिवलीहून एकटीने कुडाळला जायचं ठरवलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, "कोणाचं काय आहे?" लग्न, मुंज, बारसं, दवाखाना, जमिनीचा कागद, काही म्हणजे काही नव्हतं. माझी मैत्रीण तिथे राहते, बस. आम्ही एका चाळीत वाढलो. तिचे यजमान निवृत्त झाले आणि दोघं सासूबाईंपाशी गावी जाऊन राहिली, त्याला सहा वर्षं झाली. फोन रोज होतो. पण फोनवर माणूस शेजारी येऊन बसत नाही.

नातेवाइकांकडे जायला कोणी कारण विचारत नाही, मैत्रिणीकडे जायचं म्हटलं की मात्र द्यावं लागतं, हे मला फार खटकतं. म्हणून हा धागा. एकट्याने, दिवसभराचा प्रवास करून, केवळ मित्राला किंवा मैत्रिणीला भेटायला कोणी गेलं असेल तर जरूर लिहा. कोणत्या गाडीने गेलात, सोबत काय नेलंत, दारात पोचल्यावर पहिलं वाक्य काय कानावर पडलं, सगळं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. ठाण्याला मांडवी एक्सप्रेस पकडली. मुद्दाम दिवसाची गाडी घेतली. रात्रीच्या गाडीने माणूस झोपतो आणि पोचतो, कोकण दिसतच नाही. लहानपणी मैत्रीण मे महिन्यात गावी जायची तेव्हा ही रेल्वे नव्हती. रात्रभर एसटी, घाटात उलट्या, आणि जूनमध्ये परत येताना माझ्यासाठी फणसाची पोळी. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा सगळा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ साली सुरू झाला, तोवर तिचं लग्नही होऊन गेलं होतं.

मांडवीत खायला सतत काही ना काही येत असतं. उपमा झाला, कटलेट झाली, डबा तसाच राहिला. समोरच्या बाई राजापूरला उतरणार होत्या. "एकट्याच?" म्हणाल्या. म्हटलं, मैत्रिणीकडे चाललेय. थोड्या वेळाने करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरचा आहे, संपता संपत नाही. खिडकीतून ओल्या दगडाचा गार वास आत येत होता आणि सगळा डबा गप्प झाला होता. उजेडात आलो तेव्हा त्या बाईंनी पिशवीतून दोन चिकू काढून माझ्या हातात ठेवले. "तिला द्या," एवढंच म्हणाल्या.

कुडाळला ती फलाटावरच उभी होती. केस पुरते पांढरे. माझी पिशवी उचलायला गेली आणि म्हणाली, "दगड भरलेस काय गो ह्यात?" खरंच दगड होता. तिच्या आईचा वरवंटा. त्यांची खोली विकली तेव्हा तो आमच्याकडे राहिला होता. आता चाळ पाडायला काढली आहे, आणि माझ्या आईच्या फळीखाली तो मला सापडला. जुन्या साडीत गुंडाळून आणला होता. फलाटावरच्या बाकावर बसून तिने गाठ सोडली. मध्ये झिजून कमरेसारखा झालेला तो दगड तिने दोन्ही हातांनी धरला आणि मांडीवर दोनदा पुढे-मागे फिरवला, वाटण वाटावं तसा. रडली नाही. मीच रडले.

घरी सासूबाईंनी विचारलंच, "कोणाचा लगीन आसा काय गो?"

"लगीन नाय," ती म्हणाली, "माका भेटूक इली."

•

ही १९८९ ची गोष्ट. मी अकोल्याला बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गमैत्रिणीचं लग्न मधेच झालं आणि ती अचलपूरला गेली. परीक्षेला बसू देणार होते, मग दिलं नाही. बाबा मला एकटीला सोडायला तयार नव्हते, आईने परस्पर वीस रुपये दिले.

मूर्तिजापूरपर्यंत मोठ्या गाडीने, तिथून शकुंतला नावाची छोटी गाडी. अंतर ७६ किलोमीटर, आणि चार तास कुठे गेले नाहीत. तिकीट गार्डच द्यायचे. वाफेचं इंजिन होतं, १९२१ चं, मँचेस्टरहून आलेलं. १९९४ पर्यंत तेच चाललं. बनोसा गेलं, अंजनगाव आलं, पानमळे दिसायला लागले. मी सारा वेळ दारापाशी बसलेली. माझ्याजवळ काय होतं, तर तिच्या अर्ध्या राहिलेल्या विषयांच्या माझ्या वह्या, सुतळीने बांधलेल्या.

कोळशाची कणी डोळ्यात जाऊन डोळे लाल झाले होते. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "काहून वं, रडत रडत आली काय?"

वह्या तिने तांदळाच्या कोठीमागे ठेवल्या. दोन वर्षांनी बाहेरून परीक्षा देऊन ती बीए झाली. पुढे पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं तिने. ती गाडी आता बंद आहे. लोकांना पर्यटनासाठी हवी असेल, मला त्या वह्यांसाठी तिची आठवण येते.

•

माझा अनुभव लहान आहे. कोल्हापूरहून धारवाडला एका दिवसात जाऊन परत यायचं होतं, कारण सुट्टी एकच आणि संध्याकाळी मुलीला पाळणाघरातून आणायचं. संकेश्वरच्या पुढे खासगी बस बंद पडली. दुसरी गाडी यायला अडीच तास लागले. मैत्रिणीच्या घरी जाण्याइतका वेळच उरला नाही. तीच डबा घेऊन स्टँडवर आली. सिमेंटच्या बाकावर कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी. चाळीस मिनिटं. तिला जे सांगायचं होतं ते तिने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं आणि उरलेला वेळ आम्ही जेवलो. गाडी सुटताना तिने खिडकीतून पेढ्याची पुडी आत सरकवली. पुन्हा अशी संधी आली तर पुन्हा जाईन, चाळीस मिनिटांसाठीसुद्धा.

•

बऱ्याच जणींनी विचारलंय, कुडाळला एकटीने जाताना भीती नाही वाटली का. थोडी वाटली. मी एवढंच पाळलं की उजेडी पोचणारी गाडी घ्यायची आणि डबा-सीट नंबर घरी कळवून ठेवायचा. आणि आपण कुठे चाललोय हे समोरच्या बायकांना मोकळेपणाने सांगायचं. त्या मग आपोआप आपल्यावर लक्ष ठेवतात. पुढचे अनुभव येऊ देत.

•

मी नाशिकचा, शिकायला जर्मनीत श्टुटगार्टला. शाळेपासूनचा मित्र ड्रेस्डेनला. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याचे बाबा नाशिकला वारले. त्याच्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलेलं, जाता आलं नाही. अंत्यविधी त्याने मोबाइलवर बघितला. मला फोनवर "ठीक आहे रे" म्हणाला. ठीक नव्हतं, ते कळत होतं.

वेगवान गाडीचे पैसे नव्हते. त्याच वर्षी मेपासून ४९ युरोचं महिन्याचं तिकीट निघालं होतं, त्यावर देशभर प्रादेशिक गाड्यांनी फिरता यायचं. सकाळी अंधारात निघालो. न्यूर्नबर्गला बदल, होफला बदल, तिथली गाडी चुकली, थंडीत फलाटावर थांबलो. रायशेनबाखच्या आधी समोरच्या आजोबांनी खाली बोट दाखवलं. गाडी ग्योल्चटालच्या पुलावर होती. २ कोटी ६० लाख विटांचा पूल, १८५१ पासून उभा. मी खाली बघितलं आणि डोक्यात आलं की त्याच्या बाबांना हे सांगायला हवं. ते बांधकाम खात्यात होते.

दार उघडून तो म्हणाला, "अरे, तुझी परीक्षा आहे ना?" मी फक्त पिशवी पुढे केली. आईने पाठवलेला गोडा मसाला होता त्यात. आमटी केली. जरा पातळ झाली. तो दोनदा भात घेऊन जेवला आणि मग रात्री दोनपर्यंत बाबांच्या स्कूटरबद्दल बोलत होता. मी त्याला पुलाचं सांगितलं. किती विटा म्हणालास, असं त्याने तीनदा विचारलं.

•

माझे वय ७७. सांगोल्यास असतो. माझे एक स्नेही उदगीरला असतात. जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत आम्ही अकरा वर्षे नोकरी केली. त्यांना आता अजिबात ऐकू येत नाही, म्हणून फोन बंद झाला. पत्राला उत्तर येईना. मुलगा म्हणाला, गाडी करून नेतो, दिवाळीनंतर. मी म्हटले, दिवाळीनंतर कशाला?

पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. वाहक शून्य रकमेचे तिकीट देतात, ते जपून ठेवतो. सांगोला ते पंढरपूर, पंढरपूर ते सोलापूर, तिथून तुळजापूर, औसा करीत लातूर, आणि लातूरहून उदगीर. चार गाड्या झाल्या. पिशवीत घरची डाळिंबे. प्रत्येक स्टँडवर कोणी ना कोणी हात धरून पायरी चढवून दिली.

संध्याकाळी पोचलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मला पाहून दचकले. बाजूला पाटी होती. घरच्यांशी ते तीवर लिहूनच बोलतात. अक्षर अजून तसेच वळणदार. पेन्सिल घेऊन त्यांनी घाईने लिहिले, "कोण वारले?"

मी पाटी घेतली आणि खाली लिहिले, "कोणी नाही. सहज आलो."

त्यांनी ते वाचले. बराच वेळ पाटी हातातच होती. मग धोतराच्या सोग्याने दोन्ही ओळी पुसल्या आणि लिहिले, "जेवल्याशिवाय जायचे नाही."

मी चार दिवस राहिलो.