आरझेड१०००: बिट पुसणे ही दुरुस्ती की पळवाट?

जुनाबोर्ड:
“कंट्रोलरची सुविधाच बंद करून त्याला दुरुस्ती म्हणणे हा निव्वळ आळस आहे,” हे कालचे विधान वाचून गप्प बसवेना. अनेक ४८६ व पेंटियम बोर्डांवर, बहुधा इंटेलच्या नेपच्यून चिपसेटसोबत, बसवलेल्या आरझेड१००० या आयडीई (डिस्क जोडणाऱ्या) कंट्रोलर चिपचे रीड-अहेड, म्हणजे मागण्याआधीच पुढचा डेटा वाचून ठेवणे, चालू असले, की मल्टिटास्किंग प्रणालीत वाचलेला डेटा कसलीही त्रुटी न दाखवता बिघडू शकत असे. लिनक्सच्या ड्रायव्हरने (चिप हाताळणाऱ्या प्रोग्रामने) चिपच्या पीसीआय कॉन्फिगरेशनमधले, म्हणजे मांडणीच्या नोंदींमधले, हेक्स ४० हे रजिस्टर वाचून रीड-अहेड बंद करण्यासाठी त्यातला १३ क्रमांकाचा बिट शून्य केला आणि मूल्य परत लिहिले. वेग काही टक्क्यांनी घटू शकतो, हे कर्नलच्या मदत-मजकुरातच छापले होते. चिप बोर्डावर डकवून विकली गेल्यावर ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आणखी काय करायला हवे होते?

तर्कतीर्थ:
विधान माझेच आहे आणि ते मी मागे घेत नाही. सीएमडी६४० ही आयडीई कंट्रोलर चिप याहून बदनाम होती. तरीही डिस्क जोडायचे तिचे दोन्ही चॅनल एकाच वेळी वापरायचे नाहीत आणि प्रीफेच (आगाऊ वाचन) चालू असताना इतर इंटरप्ट, म्हणजे बाकी उपकरणांच्या हाका, मध्ये येऊ द्यायचे नाहीत, अशा अटींवर ड्रायव्हरने तिचे प्रीफेच वापरू दिले. दोष समजून घेणे याला म्हणतात.

जुनाबोर्ड:
त्या अटींची किंमत तुम्ही सोयीस्करपणे गाळलीत. हस्तांतरण चालू असताना इंटरप्ट अडवले, की सिरियल पोर्टवरच्या मोडेमचे बाइट गळतात.

रजिस्टरवाचक:
दोघेही मूळ दुखणे सोडून भांडत आहात. बिट पुसणाऱ्या ड्रायव्हरच्या ओळीत डीएफएफएफ हा नुसता हेक्स आकडा आहे, बिटाला नावसुद्धा नाही. आमच्याकडे एका स्टोरेज कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये रजिस्टर लिहिल्यावर लगेच तेच वाचून मूल्य टाकून दिले जाई. पीसीआयवरचे मेमरी-लेखन वाटेत रेंगाळू शकते आणि ते वाचन त्याला कार्डापर्यंत लगेच पोहोचवण्यासाठी होते. पण शेजारी टिप्पणी (कोडमधली स्पष्टीकरणाची नोंद) नसल्यामुळे एका हुशार सहकाऱ्याने ती ओळ “निरुपयोगी” म्हणून उडवली आणि भार वाढताच डिस्क टाइमआउट होऊ लागली.

तर्कतीर्थ:
टिप्पणी असती तर त्याने ती वाचली असती, हा तुमचा भाबडेपणा आहे.

रजिस्टरवाचक:
आणि न वाचणाऱ्यांसाठी कारणे लिहूच नयेत, हा तुमचा उद्दामपणा! चिप उत्पादक दोषांची यादी दडपतात, म्हणून ड्रायव्हरमधली टिप्पणी हाच बहुधा एकमेव दस्तऐवज उरतो.

जुनाबोर्ड:
आरझेड१०००च्या नव्या ड्रायव्हरमध्ये नेमकी अशी टिप्पणी आहे. संगणक निद्रेतून (स्लीपमधून) उठल्यावर रीड-अहेड पुन्हा बंद करता आले नाही, तर पुढे जाणे म्हणजे डेटा गमावण्याचा धोका, असे लिहून तिथे सरळ पॅनिक केले आहे, म्हणजे यंत्रच थांबवले आहे. जुना ड्रायव्हर बिट पुसता न आल्यास तर्कतीर्थांच्या लाडक्या अटी लावून काम रेटत असे. नवा अशा वेळी सुरुवातीलाच ती चिप नाकारतो.

तर्कतीर्थ:
ठीक आहे, फाइल सिस्टिम सडण्यापेक्षा यंत्र बंद पडलेले बरे, एवढे मान्य. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेले रीड-अहेड कुठे गेले, हे मात्र त्याला तुम्हीच समजावून सांगा.