यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळात दुःख आवरत नाही. माझा विश्वास कमी पडतो आहे का?

प्रश्न (वडगाव शेरीतील एक भगिनी)

सर्वांस सप्रेम सलाम.

माझ्या यजमानांना जाऊन पाच महिने होत आले. आमच्या घरी नाताळ म्हणजे परातभर करंज्या, बेकरीच्या भट्टीतून भाजून आणलेली नानकटाई, चोवीस तारखेच्या रात्री येणारी कॅरलची मंडळी आणि पंचविसाला किमान वीस माणसांचे जेवण. एकतीस वर्षे यात खंड पडला नाही. गॅलरीत चांदणी लावण्याचे काम मात्र त्यांचे असे. परवा माळ्यावरून चांदणीचे खोके काढले, तर त्यावर त्यांच्या अक्षरात ‘डावीकडची वायर सैल आहे, जपून लावणे’ असे लिहिलेले दिसले. मी ते खोके न उघडता पुन्हा वर ठेवून दिले.

जाऊबाईंचे म्हणणे असे की, आपण पुनरुत्थानाची आशा बाळगणारी माणसे आहोत, तेव्हा सगळे नेहमीसारखेच झाले पाहिजे. मला मात्र उपासनेत ‘आनंद करा’ हे शब्द कानी पडले की उठून जावेसे वाटते आणि घरी आल्यावर त्याचीच लाज वाटते. माझा विश्वास कमी पडतो आहे का? आणि या वर्षी सगळे रीतीप्रमाणे करावे की करू नये?

उत्तर १ (गुरुवार पेठ, निवृत्त शिक्षक)

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी ठामपणे ‘नाही’ असे देतो.

बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात, आपला मित्र लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झाल्यावर प्रभू येशू त्याच्या बेथानी गावी पोहोचतो. आपण त्याला उठवणार आहोत, हे त्याला ठाऊक आहे. शिष्यांना त्याने ते आधीच सांगितलेले आहे. तरीही लाजराची बहीण मरीया हिला रडताना पाहून तो स्वतः रडतो. ‘येशू रडला’ या वचनात दोनच शब्द आहेत, परंतु आशा असणाऱ्याने रडू नये असे म्हणणाऱ्यांना ते पुरेसे उत्तर आहे, असे मला वाटते. प्रेषित पौलानेही थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात शोक करू नका असे सांगितलेले नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, एवढेच सांगितले आहे. आपल्याकडे हे वचन पुष्कळदा अर्धेच ऐकवले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

आणि नाताळाची कथा तरी कुठे निव्वळ आनंदाची आहे? शुभवर्तमानात मत्तयाने ती सांगताना हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमातील बाळांचा आणि आपल्या मुलांसाठी रडणाऱ्या, सांत्वन न स्वीकारणाऱ्या राहेलीचा उल्लेख गाळलेला नाही. चर्चच्या दिनदर्शिकेत त्या बालकांचा स्मरणदिन २८ डिसेंबरला, म्हणजे नाताळानंतर तिसऱ्याच दिवशी येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे.

आपल्या जिल्ह्यातील केडगावच्या पंडिता रमाबाईंची आठवण होते. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेली, पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही एप्रिल १९२२ मध्ये स्वतःचे निधन होईपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतलेल्या होत्या. त्यांना दुःख झाले नसेल असे कोण म्हणेल?

उत्तर २ (खडकी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. दुसऱ्या प्रश्नाविषयी मात्र अनुभवाने लिहितो, कारण माझी पत्नी गेली त्या वर्षी मी हट्टाने सगळे पूर्वीसारखे केले आणि सव्वीस तारखेला मला अंथरुणातून उठवेना.

तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी मला बायबलमधील एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचायला दिली. रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे’ म्हणून तो मरण मागतो, त्या वेळी देव त्याला उपदेश करत नाही. त्याला झोप लागते, दूत उठवून भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो आणि दूत पुन्हा खाऊ घालतो. होरेब पर्वतावर देव त्याच्याशी बोलतो, ते त्यानंतरचे आहे. म्हणून ताई, आधी वेळेवर जेवा आणि दुपारी पडून राहा. यालाही मी विश्वासाचेच कृत्य मानतो.

करंज्या या वर्षी दुसऱ्या कोणीतरी कराव्यात आणि वीस माणसांचे जेवण दिरांच्या घरी व्हावे. मध्यरात्रीची उपासना जड वाटत असेल तर पंचविसाच्या सकाळच्या उपासनेला जावे आणि दाराजवळच्या बाकावर बसावे, म्हणजे उठून बाहेर जाता येते. कॅरलच्या मंडळींना आधीच निरोप द्यावा की, खाली उभे राहून एकच गीत म्हणा. चोवीस तारखेची संध्याकाळ मात्र एकटीने काढू नका. ती फार लांब असते.

जाऊबाईंविषयीही एक सांगावेसे वाटते. त्यांच्या यजमानांचाही सख्खा भाऊ गेला आहे. सगळे नेहमीसारखे व्हावे असा आग्रह धरणे ही त्यांची रडण्याची रीत असू शकेल.

उत्तर ३ (कोथरूड, परिचारिका)

दुःख हा आजार नव्हे, हे आधी सांगते. परंतु झोप व जेवण अनेक आठवडे सुटलेले असेल, रोजची कामेही होत नसतील किंवा जगू नये असे वाटत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. मधुमेहाची गोळी घेताना आपण विश्वास सोडत नाही. मनाच्या उपचारांनाही तोच न्याय लावावा.

प्रश्नकर्त्या भगिनी

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. झोप थोडी कमी आहे, परंतु जेवण होते. तरीही तो क्रमांक लिहून ठेवला आहे.

काल जाऊबाईंना फोन केला आणि करंज्या तुम्हीच करा असे सांगितले. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या की, भाऊजींना सारणात खसखस जास्त लागायची, तशीच घालीन. त्यानंतर आम्ही दोघीही रडलो. पुतण्या शनिवारी चांदणी लावायला येणार आहे. वायर बदलून घे, पण खोके टाकू नकोस, असे मी त्याला सांगितले आहे.