खून खटल्यांवरील पाहण्यासारखे माहितीपट सुचवावेत

अश्विनी (बोरिवली) :
माझ्या मुलीने यंदा चर्चगेटजवळच्या विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला आहे. रविवारी दुपारी आम्ही दोघी मिळून एखादा माहितीपट पाहतो. गेल्या महिन्यात खऱ्या गुन्ह्यावरची एक मालिका लावली, तर प्रत्येक भागात खुनाचा प्रसंग दणदणीत संगीतासह दोन-तीनदा दाखवला होता. ती बंद करताना मुलीने विचारले, "आई, जिचा खून झाला ती काय काम करायची, तिला घरी कोण कोण होतं, हे यांनी एकदाही का नाही सांगितलं?" तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. तपास कसा होतो, साक्षीपुरावा कसा तोलला जातो आणि गेलेल्या माणसाचा मान कसा राखला जातो हे ज्यांत दिसेल, असे माहितीपट जाणकारांनी कृपया सुचवावेत. रक्तपात पाहण्याची आमची तयारी नाही. इंग्रजी चालेल.

गिरगावकर (निवृत्त वकील) :
अश्विनीताई, मुलीचा प्रश्न योग्य आहे आणि तिने तो पुढेही प्रत्येक माहितीपटाला विचारावा.

सुरुवात एरल मॉरिस यांच्या 'द थिन ब्लू लाइन' या १९८८ च्या माहितीपटाने करा. डॅलस शहरात १९७६ मध्ये एका पोलिसाचा गोळ्या घालून खून झाला आणि रँडल डेल ॲडम्स या माणसाला फाशीची शिक्षा सुनावली गेली, जी पुढे जन्मठेपेत बदलली. मॉरिस तेथे गेले होते ते फाशीच्या खटल्यांत सरकार पक्षाच्या वतीने साक्ष देणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञावर चित्रपट करायला; कैद्यांना भेटता भेटता त्यांना ॲडम्स भेटला आणि सगळा विषयच पालटला. यातही खुनाचा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, परंतु दर वेळी तो वेगळ्या साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे येतो, त्यामुळे प्रत्येक साक्ष दुसरीला कोठे छेद देते हे आपल्याला डोळ्यांनी दिसते. मृत पोलिसाची सहकारी नियमाप्रमाणे गाडीबाहेर उभी होती की आतच बसून होती, या एका मुद्द्यासाठी हवेत भिरकावल्या गेलेल्या मिल्कशेकच्या पेल्याचे दृश्य आहे. उलटतपासणीत आम्ही वकील शब्दांनी जे करू पाहतो, ते येथे कॅमेऱ्याने केले आहे. ॲडम्स १९८९ मध्ये तुरुंगातून सुटला, आणि त्यात या माहितीपटाचा मोठा वाटा होता.

त्यानंतर 'मेकिंग अ मर्डरर' पाहावा, पण सावधपणे. पहिले पर्व २०१५ मध्ये आले, दहा भागांचे आहे आणि त्यामागे दहा वर्षांचे चित्रीकरण आहे. स्टीव्हन एव्हरी हा माणूस न केलेल्या गुन्ह्यासाठी १८ वर्षे तुरुंगात होता, डीएनए चाचणीमुळे २००३ मध्ये सुटला आणि दोन वर्षांनी एका तरुण छायाचित्रकार स्त्रीच्या खुनाच्या आरोपाखाली पुन्हा पकडला गेला. त्याच्याविरुद्धचा काही पुरावा मालिकेने गाळला, अशी टीका झाली आहे आणि ती मला रास्त वाटते. मुलीच्या प्रश्नाच्या कसोटीवरही ही मालिका कमी पडते, कारण मृत तरुणीचे आयुष्य तिच्यात फारच थोडे येते. तरीही एव्हरीच्या सोळा वर्षांच्या भाच्याला वकील किंवा पालक जवळ नसताना जे प्रश्न विचारून पोलिसांनी कबुली घेतली, ते चित्रीकरण कायद्याच्या विद्यार्थ्याने पाहिलेच पाहिजे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून का चालत नाही, हे पाठ्यपुस्तकापेक्षा त्या खोलीत अधिक स्पष्ट समजते. हा नियम जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम २३ मध्ये आहे.

मूळची नागपूरकर :
आपल्या राज्यातला पाहायचा असेल, तर 'इंडियन प्रिडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम' पाहा. 'वळू' आणि 'विहीर'चे उमेश कुलकर्णी यांचे दिग्दर्शन आहे. नागपुरातल्या कस्तुरबानगरच्या वस्तीला वर्षानुवर्षे छळणाऱ्या अक्कू यादवला १३ ऑगस्ट २००४ रोजी जमावाने न्यायालयाच्या आवारातच ठार मारले, त्याची ही तीन भागांची मालिका आहे. तेथील बायका स्वतः बोलतात, आणि तक्रार करूनही कोणी ऐकले नाही हे सांगतानाचे त्यांचे चेहरे विसरता येत नाहीत. अत्याचारांची वर्णने मात्र फार कठोर आहेत, म्हणून ताई, आपण आधी एकटीने पाहून मग ठरवावे.

अश्विनी :
दोघांचे मनापासून आभार. शीना बोरा खून खटल्यावरही एक मालिका आहे. खटला न्यायप्रविष्ट असताना ती पाहणे योग्य आहे का?

गिरगावकर :
'द इंद्राणी मुखर्जी स्टोरी : बरीड ट्रुथ' ही ती मालिका. ती २३ फेब्रुवारी २०२४ रोजी येणार होती. सीबीआयने मुंबई उच्च न्यायालयात हरकत घेतली, न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली, खटल्याला बाधा येईल असे त्यांना काही आढळले नाही आणि २९ फेब्रुवारीला ती प्रदर्शित झाली. त्यामुळे पाहण्यात गैर काहीच नाही. माझा आग्रह एवढाच, की पडद्यावर जो बोलतो त्याची शपथेवर उलटतपासणी झालेली नसते हे मुलीने ध्यानात ठेवावे आणि निकाल लागेपर्यंत आपले मत राखून ठेवावे.

लोकलप्रवासी (डोंबिवली) :
वेळ कमी असेल तर 'लाँग शॉट' हा चाळीस मिनिटांचा माहितीपट आहे, दादरहून डोंबिवलीला पोहोचण्याआधी संपतो. लॉस एंजेलिसमधल्या खुनाचा आरोप आलेला माणूस त्या संध्याकाळी आपल्या लहान मुलीसोबत बेसबॉलचा सामना पाहायला गेला होता आणि त्याच मैदानात त्या दिवशी एका दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण चालू होते. त्याच्या वकिलाने ते न वापरलेले चित्रीकरण मिळवले. रक्त नाही, आरडाओरडा नाही.

आणि ताईंच्या मुलीचा प्रश्न वाचून मला 'द कीपर्स' आठवला. बाल्टिमोरमध्ये १९६९ मध्ये शिक्षिका असलेल्या एका कॅथलिक जोगिणीचा (ननचा) खून झाला. तिच्या विद्यार्थिनी आता आजीच्या वयाच्या आहेत आणि अजून कागदपत्रे धुंडाळत आहेत. सात भागांच्या या मालिकेत ती शिक्षिका वर्गात कशी शिकवायची हे आपल्याला आधी कळते. विषयात बालकांवरील लैंगिक अत्याचार येतो, हे मात्र आधीच सांगतो.

अश्विनी :
या रविवारी 'द थिन ब्लू लाइन' पाहिला. मुलीने वहीत दोन रकाने आखून प्रत्येक साक्षीदाराचे म्हणणे लिहून घेतले. शेवटी पडद्यावर फक्त टेपरेकॉर्डर दिसतो आणि आवाज ऐकू येतो, तेव्हा तिने लिहिणे थांबवले. पुढच्या रविवारी 'द कीपर्स'चा पहिला भाग पाहणार आहोत. गिरगावकर साहेब, खरी उलटतपासणी पाहण्याची तिची इच्छा आहे. सत्र न्यायालयात तिला बसू देतील का?

गिरगावकर :
अवश्य. खटले खुल्या न्यायालयात चालतात. जेथे न्यायाधीशांनी बंद दाराआड सुनावणी ठेवली असेल तेवढे सोडून कोणालाही मागच्या बाकावर बसता येते. ओळखपत्र जवळ ठेवावे, फोन बंद ठेवावा आणि सकाळी अकराच्या आधी पोहोचावे. कोणत्या दालनात साक्ष चालू आहे हे दाराबाहेरच्या फलकावरून कळते आणि न समजल्यास शिपायाला विचारावे.