टापटीप, डॅपर आणि नटणं

'टापटीप'ला इंग्रजीत 'डॅपर' चालेल का, असं कुणीतरी विचारलंय. पुरुषाला चालेल, पण त्यात नुसता नीटनेटकेपणा नाही, थोडा रुबाबही आला. बाईला सहसा म्हणत नाहीत. उलट 'डाउडी', 'फ्रम्पी' ही गबाळेपणाची विशेषणं बहुतेक बायकांच्याच वाट्याला! 'स्मार्ट'चं वेगळंच, ब्रिटिश इंग्रजीत कपड्यांबाबत ते टापटीप, अमेरिकन माणसाला मात्र आधी हुशार आठवतो.

मागे पाडव्याला ठाण्यात कोपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेला निघाले होते. नऊवारी, नथ, वर गॉगल. जिन्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय नटलीयेस गं!" याला इंग्रजीत 'ड्रेस्ड अप' म्हटलं तर काकूंचं ते अर्धं कौतुकाचं, अर्धं खोचक हसू निसटतं. 'डॉल्ड अप' बरंच जवळ जातं. तेही पुन्हा बायकांसाठीच.