तेरा वसाहतींचं एकमत: गरज की देखावा?

फाटकवाडा: "ब्रिटनपासून स्वतंत्र व्हायचं हे अमेरिकन वसाहतींचं एकमत हा देखावा होता, बहुमत पुरेसं होतं," असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं. अहो, बहुमत १ जुलै १७७६ लाच झालं होतं! ९ वसाहती बाजूने. पेनसिल्व्हेनिया, दक्षिण कॅरोलायना विरोधात, डेलावेअरची मतं फुटलेली, न्यूयॉर्क तटस्थ. पेनसिल्व्हेनिया पडते मधोमध. ती बाहेर राहिली की उत्तर-दक्षिण तुटलीच. म्हणून दक्षिण कॅरोलायनाच्या रटलेजने एक दिवस मागून घेतला. डेलावेअरचा प्रतिनिधी सीझर रॉडनी पावसापाण्यात रातोरात सुमारे ८० मैल घोडा दामटत आला, तेव्हा डेलावेअरची कोंडी फुटली. २ जुलैला १२ वसाहतींचा होकार, न्यूयॉर्कचा ९ तारखेला.

टोकदार: पेनसिल्व्हेनियाचे विरोधक प्रतिनिधी डिकिन्सन आणि मॉरिस मतदानाला बसलेच नाहीत म्हणून तिचा होकार आला, ते गाळलंत. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात हेच झालं. विरोध करणाऱ्यांना सभेला येऊ नका म्हणून गळ घातली आणि इतिवृत्तात लिहिलं "एकमताने मंजूर". आज बिल्डरचं भाडं बंद आणि आम्ही वाऱ्यावर.

विल्मिंग्टनची: रॉडनीचं कौतुक पुरे. मी डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनलाच राहते. चौकातला त्याचा पुतळा २०२० मध्ये हलवला, कारण त्याने गुलाम राबवले. १९९९ च्या डेलावेअरच्या क्वार्टरवर (पाव डॉलरच्या नाण्यावर) मात्र तोच घोडेस्वार. मुलगी नाणं हातात धरून विचारते, मग चौकातून का काढला? जेफरसनने लिहिलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातला गुलामांच्या व्यापारावरचा परिच्छेदही एकीसाठीच उडवला ना?

फाटकवाडा: जेफरसन स्वतः गुलामांचा मालक, आणि त्या परिच्छेदात सगळं खापर ब्रिटनच्या राजावर! तो ठेवला असता तर दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया गेल्या असत्या. गुलामांच्या पदरात काय पडलं असतं?

विल्मिंग्टनची: हा हिशोब नेहमी दुसऱ्याच्या पाठीवरच का मांडता? डेलावेअरमध्ये गुलामी १८६५ पर्यंत चालली. ती संपवणाऱ्या घटनादुरुस्तीला या राज्याने मान्यता दिली १९०१ साली! तुमच्या एकीची किंमत ज्यांनी मोजली त्यांना मतच नव्हतं.

टोकदार: अगदी. बरं, फ्रान्सने १७७८ मध्ये तह केला तो तेरा जणांची मोट दिसली म्हणून, एवढं मान्य करतो. त्यापुढे नाही. आणि डिकिन्सनला भित्रा ठरवू नका. मत हरल्यावर तोच पलटण घेऊन न्यूजर्सीकडे निघाला. पुढे त्याने आपले गुलामही मुक्त केले.

फाटकवाडा: भित्रा मी म्हटलंच नाही! उलट तो माझाच मुद्दा झाला. १ तारखेला ९ मतांवर घाई केली असती आणि पेनसिल्व्हेनिया बाहेर राहिली असती, तर डिकिन्सनची पलटण कुणाच्या बाजूने निघाली असती, सांगा.