पिंक फ्लॉइडचा खरा मैलाचा दगड कुठला? माझं मत ‘एकोज’

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की सगळे डायरेक्ट १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमवर उडी मारतात, जणू त्याआधी ही मंडळी नुसतं ट्यूनिंगच करत बसली होती. माझ्या मते खरा टप्पा त्याच्या दोन वर्षं आधीचा, ‘मेडल’ अल्बममधलं ‘एकोज’. रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापणारं तेवीस मिनिटांचं गाणं! सुरुवात आठवा, कीबोर्डवाला रिक राइट पियानोचा एकच सूर लेस्ली स्पीकरमधून (आवाज गरगर फिरवणारा स्पीकर) सोडतो, टिंग... मग शांतता, मग परत टिंग. १९७१ च्या सुरुवातीला स्टुडिओत शिरले तेव्हा हातात धड एक गाणं नव्हतं, सुचतील ते तुकडे टेप करत गेले आणि त्या तुकड्यांना नाव काय दिलं तर ‘नथिंग’. त्यातून हे उभं राहिलं. आधीचा मुख्य गीतकार-गायक सिड बॅरेट बँडमधून गेल्यावर दोन-तीन वर्षं नुसतं चाचपडणं चालू होतं, इथे पहिल्यांदा चौघांना आपला आवाज सापडला. डार्क साइड त्याच्याच जोरावर झालाय. विरोध करा बिनधास्त, फक्त ‘खप बघा’ म्हणू नका.

खर्जातला
खप बघा :)
‘मेडल’ अमेरिकेत सत्तराव्या नंबरच्या वर सरकला नाही. डार्क साइड १९७३ ते १९८८ मध्ये बिलबोर्डच्या (अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या) यादीत ७४१ आठवडे होता, आता बोला. आणि खप सोडा हो, कारागिरी बघा. डार्क साइडमधल्या ‘मनी’ गाण्याच्या सुरुवातीला गल्ल्याचा आणि नाण्यांचा जो आवाज येतो तो कुठल्या मशीनमधून काढलेला नाही, टेपचे तुकडे मोजून कापले, चिकटवून त्याची गोल माळ केली आणि ती फिरवत ठेवली, त्यातून सात मात्रांचा ठेका. एकोजमध्ये मधे ती पक्ष्यांच्या किंचाळ्यांची जी काय मिनिटं आहेत (गिटारवाल्या गिलमोरने वा-वा पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारं पायाने दाबायचं यंत्र, उलटं जोडलं होतं म्हणून तो आवाज) तिथे मी तरी पुढे ढकलतो.

धागाकर्ता
पुढे ढकलता? मग बोलणंच खुंटलं.
७४१ आठवड्यांचं कौतुक सगळेच करतात, पण त्यातला अमेरिकेत एक नंबरवर फक्त एक आठवडा, हे कोणी सांगत नाही. आणि डार्क साइड काय आभाळातून पडला का? रेकॉर्ड यायच्या वर्षभर आधी, जानेवारी १९७२ मध्ये ब्रायटनला तो स्टेजवर वाजवायला घेतला, ‘मनी’पाशी यंत्रणाच बसली आणि पुढचा भाग सोडून द्यावा लागला. लांबलचक एकसंध काहीतरी लोकांसमोर न्यायची हिंमत कुठून आली, तर एकोजमधून.

उलटीटेप
दोघंही उशिरा पोचलात. टप्पा एकच, जानेवारी १९६८. कार्यक्रमाला निघालेत, गाडीत कोणीतरी विचारतं सिडला घ्यायचं का, आणि ठरतं की राहू दे. बस्स. ज्याने १९६७ ची हिट गाणी लिहिली त्याला घरीच ठेवून बँड पुढे गेला. पुढे जून १९७५ मध्ये ‘विश यू वेअर हिअर’ अल्बमचं काम चालू असताना तोच माणूस डोकं आणि भुवया भादरून स्टुडिओत आला तर सुरुवातीला कोणी ओळखलंही नाही. तो जाणं नसतं तर ना एकोज ना डार्क साइड, मग टिंग कसलं नि मनी कसलं.

खर्जातला
+१ भावनेला. पण कोणी सोडून गेलं ही घटना झाली राव, काम नाही. नाहीतर मग १९८५ पण धरा, बेसवाला आणि गीतकार रॉजर वॉटर्स बँड सोडून गेला ते.

विटेवरचा
धराच की! मी म्हणतो ‘द वॉल’ अल्बम. १९७७ ला मॉन्ट्रियलमध्ये वॉटर्स वैतागून एका प्रेक्षकावर थुंकला, त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्यातून आपल्यात आणि लोकांत भिंत आहे ही कल्पना निघाली. मग खरोखर स्टेजवर पुठ्ठ्याच्या विटांची भिंत बांधली. राइटला बँडमधून काढलं आणि त्याच शोंसाठी पगारावर ठेवलं. शो इतके खर्चिक की बाकीचे तिघं तोट्यात, पैसे सुटले ते पगारी राइटलाच. सगळ्यात मोठा टप्पा तोच, कारण त्यानंतर हे चौघं बँड राहिलेच नाहीत, २००५ ला लंडनच्या हाइड पार्कात एकदा एकत्र वाजवलं तेवढंच.

धागाकर्ता
विटेवरचा, तुम्ही माझीच बाजू मांडलीत की. ‘द वॉल’ मुख्यतः एकट्या वॉटर्सचं डोकं, एकोज चौघांचं. त्यात गिलमोर आणि राइट जोडीने गातात, कोण कुठला हे पटकन कळत नाही. २००८ मध्ये राइट गेल्यावर गिलमोरने सांगून टाकलं की त्याच्याशिवाय एकोज होणार नाही. असं दुसऱ्या कुठल्या गाण्याबद्दल तो म्हणालाय?

खर्जातला
नाही, आणि म्हणूनच २०१६ ला गिलमोर इटलीतल्या पाँपेईच्या त्या प्राचीन रंगमंचावर परत गेला तेव्हा ‘मनी’ वाजवलं. समोर पब्लिक होतं. १९७१ मध्ये तिथेच एकोज शूट झालं तेव्हा ऐकायला होते कोण, तर कॅमेरावाले!