छोट्या मैफलीला, गिगला कॅमेरा आणणारा रसिक हवा की नको?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

आमच्या भागात घरगुती बैठकी भरवणाऱ्या एका मंडळाने यंदाच्या निमंत्रणात नवी ओळ घातली आहे: 'कॅमेरा आणू नये, मोबाईल बाहेर जमा करावा.' पुण्यातल्या एका पबमध्ये स्थानिक बँडच्या गिगलाही, म्हणजे छोट्या कार्यक्रमालाही, परवा दारावर कॅमेऱ्याच्या बॅगा अडवल्या. दोन्हीकडे कारण एकच, बाकीच्यांना त्रास होतो. ही सरसकट बंदी मला चुकीची वाटते, म्हणून धागा काढतोय.

मोठ्या महोत्सवांची गोष्ट वेगळी. सवाई गंधर्वला वृत्तपत्रांचे छायाचित्रकार असतात, आयोजकांचे असतात, मंडपात प्रकाशचित्रांची प्रदर्शनं लागतात. १९५३ साली सुरू झालेल्या त्या महोत्सवाची नोंद ठेवायला माणसं आहेत. पण पन्नास-साठ श्रोत्यांपुढे गाणाऱ्या मुलीची किंवा स्वतः रचलेली मराठी गाणी घेऊन आज या कॅफेत, उद्या त्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या चार पोरांची नोंद कोण ठेवणार? समोर बसलेला एखादा रसिक ठेवेल तेवढीच.

बरं, जागाही टिकत नाहीत. मुंबईत धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह घ्या. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव वर्षानुवर्षं तिथे भरायचा आणि मुंबईतल्या होतकरू बँडना तिथे खरा स्टेज मिळायचा. शेजारी कॉलेज, रुग्णालयं. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातल्या गिटारी बंद पडल्या. नाव कमावलेल्या बँडचे त्या काळातले फोटो शोधले तर मिळतात. ज्यांचं नाव झालं नाही, त्यांचं काही उरलं असेल तर ते तेव्हाच्या श्रोत्यांच्या घरी, कपाटातल्या निगेटिव्हमध्ये.

मी कॅमेरा नेतो तेव्हा फ्लॅश नसतो. फोकस शोधायला कॅमेरा जो लाल-नारिंगी दिवा मारतो तो बंद असतो, मागचा स्क्रीनही बंद. भिंतीला पाठ लावून एका जागी बसतो. फोटो आधी कलाकाराला पाठवतो आणि तो नको म्हणेल तो फोटो कुठेच जात नाही. एवढं पाळणाऱ्याला दाराबाहेर का ठेवायचं?

खर्जभरणा

पूर्ण असहमत. बंदी हवीच, आणि छोट्या जागेत तर आधी हवी.

मोठ्या मंडपात शंभर फोन वर झाले तरी गायकाला ते जाणवत नाही. वीस बाय पंधराच्या खोलीत मात्र समोरच्याची मान हलली तरी दिसते. ख्याल, म्हणजे रागाची शास्त्रीय गायकी, तिथल्या तिथे घडतो. गाणारा एखादी अवघड जागा घ्यायला जातो, ती जमेल की नाही त्यालाही ठाऊक नसतं. समोरची माणसं आपली आहेत, फसलं तर सांभाळून घेतील, या भरवशावर तो ती उडी मारतो. माझा एक गवई मित्र स्पष्ट सांगतो, लेन्स रोखलेली दिसली की मी हात राखून गातो, घोटलेलंच गातो. म्हणजे तुमच्या नोंदीसाठी त्या संध्याकाळचं गाणंच बदललं. तुम्ही मग नोंद कशाची केली?

नोंद नसली की सगळं हरवतं हेही मला पटत नाही. थोर गायक भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. अल्लादिया खाँसाहेबांचंही नाही. तरी बुवांचं गाणं त्यांचे शिष्य मास्तर कृष्णरावांमध्ये होतं, बालगंधर्वांच्या पदांमध्ये होतं. खाँसाहेबांची गायकी त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी नेली आणि मोगूबाईंकडून त्यांच्या मुलीपर्यंत, किशोरीताई आमोणकरांपर्यंत आली. हे सगळं कानांनी कानांना दिलं. आपल्या परंपरेत जपणूक म्हणजे तालीम आणि श्रवण. श्रोत्याने ऐकावं, लक्षात ठेवावं, घरी जाऊन त्यावर बोलावं. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा आहे आणि ती छोटी नाही.

रिव्हर्ब

खर्जभरणा, तुमचं ख्यालाबद्दलचं म्हणणं समजलं. पण धाग्यात गिगही आहेत म्हणून लिहितो. मी एका बँडमध्ये बेस वाजवतो.

आमच्यासारख्यांना पुढचा कार्यक्रम कसा मिळतो सांगू? जागेचा मालक विचारतो, "फोटो, व्हिडिओ पाठवा, गर्दी किती होते बघू." मानधनात पेट्रोल आणि प्रॅक्टिस रूमचं भाडं निघालं तर नशीब. तिथे छायाचित्रकाराला पैसे कुठून देणार? आमच्या पोस्टरवरचा फोटो एका नियमित येणाऱ्या श्रोत्याने काढलेला आहे. त्या दिवशी स्टेजवर सगळे दिवे लाल होते. ज्याने असे फोटो काढलेत त्याला माहीत आहे की पूर्ण लाल उजेडात चेहऱ्याचे बारकावे मरतात, नुसता लाल गोळा येतो. त्याने नंतर बसून तो फोटो कृष्णधवल केला, ड्रमरच्या मनगटावरची चिकटपट्टीसुद्धा स्पष्ट दिसते त्यात. हे काम त्याने आमची गाणी आवडतात म्हणून केलं.

आणि रॉकमध्ये लेन्स बघून कुणी हात राखत नाही. उलट जोर चढतो.

सरगमवेडी

मी गाते. उपशास्त्रीय, नाट्यपदं, थोडे अभंग. तालुक्याच्या गावांतून, गणपतीत, कोजागिरीला, दिवाळी पहाटला.

या धाग्यात श्रोत्यांच्या त्रासावर आणि कलेच्या नोंदीवर बोलणं चाललंय. जिचा फोटो निघतो तिच्याबद्दल मला बोलायचंय. एका कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी खालच्या कोनातून, मी तान घेत असताना, तोंड वेडंवाकडं झालेलं असताना फोटो काढले आणि त्याच रात्री फेसबुकवर टाकले. खाली माझ्या गाण्यावर एक ओळ नाही. ब्लाउजवर, वजनावर, हसण्यावर प्रतिक्रिया. मी काढून टाका म्हणून निरोप केला. उत्तर आलं, "जाहीर कार्यक्रम होता, तुमची प्रसिद्धीच होतेय."

मग मी कायदा समजून घेतला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ खाली कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क आहे, पण तो आवाजाच्या आणि हलत्या चित्रांच्या मुद्रणाबद्दल. कलम ३९ मध्ये स्वतःपुरतं केलेलं मुद्रण चालतं. ते जगासमोर टाकलं की ते स्वतःपुरतं राहत नाही. म्हणजे व्हिडिओवर मी त्या कायद्याने बोट ठेवू शकते. स्थिर फोटोचं काय? त्याचा कॉपीराइट काढणाऱ्याकडे. चेहरा माझा, गळा माझा, साडी मी निवडलेली, आणि फोटोचा मालक तो.

मंद्रसप्तक, तुम्ही आधी कलाकाराला पाठवता हे चांगलं आहे. पण तुमच्या चांगुलपणावर नियम कसा बेतायचा? दारावरच्या माणसाला कसं कळणार कोण तुमच्यासारखा आणि कोण त्या गृहस्थांसारखा? बाईमाणसाच्या बाजूने विचार केला तर बंदी मला सुरक्षित वाटते.

शटरस्पीड

सरगमवेडीताईंशी शंभर टक्के सहमत, आणि मी तर फोटो काढूनच पोट भरतो.

माझा आक्षेप वेगळा आहे. 'आवडीने' काढलेल्या फुकट फोटोंमुळे छोट्या आयोजकाला छायाचित्रकार लावायची सवयच राहिलेली नाही. साउंडवाल्याला पैसे देतात, मांडववाल्याला देतात, चहावाल्याला देतात. फोटो म्हटलं की "आपला अमुक येतोच कॅमेरा घेऊन". सतीश पाकणीकरांसारख्या माणसाने शास्त्रीय कलाकारांची प्रकाशचित्रं काढण्यात अनेक दशकं घातली, प्रदर्शनं केली, कॅलेंडरं काढली. ती नजर फावल्या वेळात येत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हल्ली सगळे सांगतात, आमचा कॅमेरा मिररलेस आहे, शटरचा आवाज होत नाही. बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर एलईडी दिव्यांखाली वापरून बघा. बऱ्याच दिव्यांत फोटोवर आडवे काळे पट्टे येतात, कारण दिवा डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकत असतो. पट्टे टाळायला माणूस यांत्रिक शटरवर जातो, आणि मग आलापीत, म्हणजे सुरुवातीच्या संथ विस्तारात, खटक, खटक. तंबोऱ्याच्या आवाजात ते किती टोचतं ते शेजारी बसलेल्याला विचारा.

मंद्रसप्तक

सगळ्यांची उत्तरं वाचली, क्रमाने लिहितो.

खर्जभरणा, गुरुशिष्य परंपरेने गायकी टिकली हे मान्य. पण भास्करबुवांचा आवाज कसा होता हे आज कुणालाच ऐकता येत नाही, आणि तो ऐकायला मिळावा म्हणून तुम्ही स्वतः काय वाटेल ते द्याल. शिवाय एक विसरताय. कुमार गंधर्वांच्या, मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांच्या खाजगी बैठकींच्या टेपा आपण ज्या भक्तीने ऐकतो, त्या बऱ्याचशा कुणा रसिकाने स्पूलचं जडशीळ यंत्र उचलून नेऊन केलेल्या आहेत. ते यंत्रही समोरच ठेवलेलं असायचं, माइकही पुढ्यात असायचा. तेव्हा त्याला अडवलं असतं तर?

फोटो काढणारा ऐकत नाही, असं गृहीत धरलं जातं. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात एक आवर्तन, तालाची एक फेरी, मिनिटभर चालतं. गायक कधी मुखड्याकडे, बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीकडे, वळणार, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, हात कसा सुटणार, तबलजी कुठे मान वर करून हसणार, हे आधी कळलं तरच तो क्षण मिळतो. सम दिसल्यावर बटण दाबलं तर हात खाली आलेले असतात. मी आवर्तनामागून आवर्तन मोजत बसतो, आणि कॅमेऱ्यामुळे माझं लयीचं भान वाढलं आहे. शटरस्पीडना मी एवढंच सांगेन की आलापीत मी कॅमेऱ्याला हात लावत नाही. द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झाली, तबला भरात आला की यांत्रिक शटरही त्या आवाजात विरून जातं.

पैशांच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. ज्या कार्यक्रमाला तिकीट आणि प्रायोजक आहे, तिथे छायाचित्रकाराला पैसे मिळालेच पाहिजेत आणि मी तिथे फुकट फोटो देत नाही. रिव्हर्बच्या बँडसारख्या ठिकाणी, जिथे खुद्द कलाकारालाच काही सुटत नाही, तिथे तुमचं कोणतं काम मी हिसकावतो?

सरगमवेडीताई, तुमच्यावर जे गुदरलं ते फार वाईट होतं, आणि तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण सरसकट बंदीने तो माणूस थांबेल का? तो मोबाईल लपवून आणेल. थांबतील ते विचारून फोटो काढणारे.

खर्जभरणा

स्पूलचं यंत्र एकदा चालू केलं की रसिक ऐकायला बसायचा. यंत्र कोपऱ्यात फिरत राहायचं आणि कार्यक्रमाआधी बुवांची परवानगी घेतलेली असायची. दर दहा मिनिटांनी उठून कोन बदलणारा माणूस त्यात कुठे बसतो?

तुम्ही आवर्तनं मोजता, आनंद आहे. मोजणारे तुमच्यासारखे किती? तुम्हाला आत सोडलं की तुमच्या मागून येणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि त्याला सम कशाशी खातात माहीत नसतं.

बैठकीचा_यजमान

आम्ही घरी बैठकी करतो, तेव्हा हे भांडण दारातच येतं.

सुरुवातीला कुणीतरी रॉक कॉन्सर्टचा नियम सुचवला होता: पहिल्या तीन गाण्यांपुरते फोटो, फ्लॅश नाही, मग कॅमेरा बंद. गिगला तो बरोबर आहे. तिथे पहिल्या गाण्यापासून दणका असतो आणि कलाकारांचे चेहरे अजून ताजे असतात. ख्यालाच्या बैठकीत तोच नियम नेमका उलटा पडतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटं म्हणजे राग मांडायची वेळ. गवयाचा षड्ज, म्हणजे सा, लागतोय, खोली स्थिरावतेय, आणि तेव्हाच कॅमेरे चालू! दोन बैठकी अशा नासल्या.

आता आमच्याकडे पूर्वार्धात कॅमेरा पूर्ण बंद. मध्यंतरात, चहाच्या वेळी, कलाकाराला मी स्वतः विचारतो, श्रोत्यांसमोर नाही, आत खोलीत. भिडेखातर हो म्हणू नये म्हणून. होकार आला तर उत्तरार्धात एकाच माणसाला, बाजूच्या भिंतीशी बसून, द्रुतात आणि शेवटच्या ठुमरी-भैरवीत परवानगी. ते फोटो दोन दिवसांत कलाकाराकडे जातात आणि पुढचं सगळं त्याच्या हातात. बाकीच्यांचे मोबाईल खिशात.

खर्जभरणांना हेही जास्त वाटेल. पण आमच्याकडे गाऊन गेलेल्या तरुण कलाकारांनी नंतर आपल्या पत्रिकेवर, अर्जांवर हेच फोटो लावलेत. बंदी घालताना त्यांना कुणी विचारलं होतं का?

खर्जभरणा

एकाच माणसाला, तेही कलाकाराला आतल्या खोलीत विचारून, हे मी समजू शकतो. तरी माझ्या घरच्या बैठकीत मी कॅमेरा येऊ देणार नाही. भैरवीच्या वेळी तर मुळीच नाही.

सरगमवेडी

यजमान, आतल्या खोलीत विचारता ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. लोकांसमोर विचारलं की आम्हाला नाही म्हणता येत नाही, मानधनाचं पाकीट अजून मिळायचं असतं.

असं विचारलं तर मी बहुधा हो म्हणेन. माझ्या अटी सांगून ठेवते: खालच्या कोनातून फोटो नको, तानेतला फोटो मला दाखवल्याशिवाय कुठे जाणार नाही, आणि साथीदारांचीही परवानगी वेगळी घ्यायची. पेटीवाल्या काकांना आजवर कुणी विचारलेलं मी पाहिलं नाही. व्हिडिओला मात्र माझा नकारच राहील, तो कुणीही मागितला तरी.